लिव्हरच्या पेशंटचं ताट रिकामं कोण करतं?

सोलापूर : मोठ्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली की पेशंटच्या हातात एक कागद येतो. त्यावर गोळ्यांची नावं, पुन्हा दाखवायची तारीख आणि सगळ्यात खाली एक ओळ असते : ‘पथ्य पाळावे, मीठ कमी, दारू बंद.’ गोळ्या कशा घ्यायच्या ते मेडिकलवाला समजावतो. तारीख मुलगा मोबाइलमध्ये टाकून ठेवतो. राहिलं पथ्य. ते नेमकं काय, किती आणि रांधायचं कसं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. मग ते गाव ठरवतं.

गाव काय ठरवतं, हे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल. तेल-तूप बंद. डाळ जड, म्हणून बंद. दूध पचायचं नाही, बंद. अंडी, मासे, मटण यांचं तर नावच काढायचं नाही. मग उरतो उसाचा रस, साळीच्या लाह्या, पेज, मुगाचं पाणी आणि बिनमिठाची उकडलेली भाजी. दोन-तीन महिन्यांत माणसाच्या कानशिलाला खड्डे पडतात, दंडाचं मांस उतरतं, खाटेवरून उठायला हाताचा आधार लागतो. पोट मात्र पाण्यानं पुढं आलेलं असतं, त्यामुळं काट्यावर वजन तेवढंच दिसतं. बघणारे म्हणतात, “आजारानं पार वाळला.”

आजारानं माणूस वाळतो, हे खरंच. पण त्या वाळण्यातला मोठा वाटा उपासमारीचा असतो, आणि ही उपासमार घरच्यांनी मायेपोटी केलेली असते. सिरोसिस, म्हणजे कायमचा घट्ट आणि गाठाळ झालेला लिव्हर, असलेल्या माणसाला निरोगी माणसापेक्षा कमी नाही, उलट नेमानं आणि भरपूर खावं लागतं. लिव्हरचे डॉक्टर आज जगभर हेच सांगतात. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं असोत की भारतातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेनं काढलेली, दोन्हीकडचा सूर एकच आहे. तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेला नाही.

पथ्य आलं कुठून?

गावातलं हे पथ्य खुळेपणातून आलेलं नाही. ते काविळीच्या अनुभवातून आलंय. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेक लोकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या दिवसांत मळमळ असते, तेलाचा वास नको होतो, लाह्या आणि रस तेवढा पोटात राहतो. माणूस बरा होतो. मग श्रेय कुणाला? लाह्यांना, रसाला, गळ्यात घातलेल्या माळेला आणि नाकात थेंब टाकणाऱ्या बाबाला. चार आठवड्यांच्या आजारात हे खपून जातं. महिनाभर कमी खाल्लं तरी धडधाकट माणूस पुढं भरून काढतो.

सिरोसिस चार आठवड्यांत उतरत नाही. तो वर्षानुवर्षांचा सोबती आहे. दारूनं झालेला असो, हिपॅटायटिस बी किंवा सीमुळं झालेला असो, नाहीतर साखरेच्या आजाराबरोबर वाढलेल्या चरबीमुळं. डोळे पिवळे दिसले की घरात ‘कावीळ’ हाच शब्द वापरला जातो आणि त्या शब्दामागोमाग काविळीचं पथ्य येतं. महिन्याच्या आजाराचं पथ्य वर्षाच्या आजाराला लावलं जातं. घोटाळ्याचं मूळ इथं आहे.

लिव्हर शरीराची कणगी आहे. जेवणातली साखर तो साठवून ठेवतो आणि रात्री, दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, थोडी थोडी सोडतो. निरोगी माणसाला संध्याकाळच्या जेवणावर सकाळपर्यंत काही वाटत नाही ते त्यामुळंच. सिरोसिसमध्ये कणगी लहान होते. मग मध्यरात्रीनंतर शरीर स्वतःचंच मांस मोडून खायला लागतं. अशा पेशंटची एका रात्रीची उपाशी झोप ही निरोगी माणसाच्या दीड ते तीन दिवसांच्या उपवासाएवढी पडते, हे १९८०च्या दशकातच मोजून झालेलं आहे. संध्याकाळी सातला जेवलेला पेशंट सकाळी नऊला चहा-बिस्किट घेतो तेव्हा त्याचं शरीर दोन दिवस उपाशी असल्यासारखं वागत असतं, आणि असं रोज होतं.

म्हणून झोपण्याआधीचं खाणं हे या आजारातलं औषधच समजायला हवं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये केलेली तुलना यासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. जेवणाव्यतिरिक्तचं तेच पूरक खाणं त्यांनी काही पेशंटना दिवसा दिलं, काहींना रात्री झोपताना. वर्षभरात रात्री खाणाऱ्यांच्या अंगावर सरासरी दोन किलोच्या आसपास मांस चढलं. दिवसा खाणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. खाणं तेच, फरक फक्त वेळेचा.

आपल्याकडं यासाठी डबा विकत आणायची गरज नाही. झोपताना कपभर दुधात कुस्करलेली भाकरी, दुधातलं सातूचं पीठ किंवा राजगिऱ्याचे एक-दोन लाडू पुरतात. साखरेचा आजार असेल तर लाडू सोडून भाकरी-दूध. सकाळी उठल्यावर तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं आणि दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड पडता कामा नये. तीन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं सोपं जातं, कारण पोटात पाणी असलं की दोन घासांतच पोट भरल्यासारखं वाटतं.

डाळीची भीती

सगळ्यात मोठी भीती प्रथिनांची, म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासे यांची. तिच्यामागं अर्धं सत्य आहे. सिरोसिसच्या काही पेशंटच्या रक्तात अमोनिया वाढतो आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. दिवसा गुंगी, रात्री टक्क जाग, हाताला थरथर, बोलण्यात गोंधळ. कधी माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. (अशा वेळी ‘बाहेरचं’ झालं म्हणून देवर्षीकडं नेण्यात दोन-तीन दिवस गेले तर जीव जाऊ शकतो. तो गोंधळ दिसला की थेट दवाखाना.) अमोनिया प्रथिनांतून तयार होतो, म्हणून एके काळी डॉक्टरही प्रथिनं बंद करायचे. जुन्या पुस्तकांत तसं लिहिलेलं होतं. गावात आज जे सांगितलं जातं ते तेव्हाच्या डॉक्टरांचंच उष्टं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

२००४ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या दोन गटांना तपासलं. एका गटाची प्रथिनं तोडली, दुसऱ्याला नेहमीएवढी दिली. प्रथिनं तोडून मेंदूवरचा परिणाम लवकर उतरला, असं काही झालं नाही. उलट तोडलेल्यांच्या शरीरात मांसाची मोड जास्त झाली. यात आणखी एक मेख आहे. लिव्हर थकला की अमोनियाचा काही भार अंगावरचं मांस उचलतं. मांस गेलं की तो अमोनिया रक्तातच राहतो. म्हणजे डोकं शांत राहावं म्हणून डाळ तोडायची आणि त्यामुळंच डोकं बिघडायचं.

आपल्या देशातला दाखलाही आहे. दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयात सिरोसिसच्या १२० पेशंटचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूवर सुरुवातीचा, वरून न दिसणारा परिणाम झालेले हे पेशंट होते. निम्म्यांना सहा महिने नीट ठरवून आहार दिला, त्यात प्रथिनं मुख्यतः डाळी-कडधान्यांची. बाकीचे नेहमीसारखं खात राहिले. आहार दिलेल्या गटात शंभरातल्या साधारण ७१ जणांचा तो परिणाम मागं हटला, दुसऱ्या गटात २३ जणांचा. गोळ्यांच्या कंपन्या असा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात. डाळीची जाहिरात कोण करणार?

किती खायचं, याचा हिशोब आता ठरलेला आहे. अंगात पाणी धरून नसताना जेवढं वजन असतं, त्यातल्या दर किलोमागं रोज ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १,८०० ते २,१०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. हे आकडे घरच्या माणसाला सांगून काही उपयोग नाही, ते भाकरीत आणि वाटीत सांगावे लागतात. साधारण साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत सहा ग्रॅम प्रथिनं असतात. दिवसाला पाच भाकरी धरल्या तर तीस झाली. तुरीच्या दाट वरणाच्या दोन वाट्या, मटकीच्या उसळीची एक वाटी, दोन कप दूध, एक वाटी दही आणि दोन अंडी, एवढं घातलं की बेरीज ऐंशीच्या घरात जाते. अंडी खात नसतील त्यांनी हुलग्याचं माडगं, फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे वाढवावेत.

यातलं परकं काय आहे? मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी, बार्शीची तूर, घरोघरच्या शेंगा. उजनीच्या काठच्या गावांत चिलापी मिळते, तिच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्यात दोन-अडीच अंड्यांएवढी प्रथिनं असतात. सांगोला, माळशिरस भागात तर गोठ्यातच दूध आहे. पण ते सकाळी सहाला डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि आजारी माणसाच्या वाट्याला काळा चहा येतो.

पोट साफ न होणं हेही अमोनिया वाढायचं मोठं कारण आहे. त्यासाठी गोड सिरप देतात, लॅक्टुलोज नावाचं. ते घेतल्यावर दिवसातून दोन-तीनदा मऊ संडासला झालं पाहिजे. ‘जुलाब लागलेत’ म्हणून घरचे ते परस्पर बंद करतात, आणि आठवड्यात पेशंट पुन्हा गुंगीत जातो. याचा दोष घरच्यांवर ढकलता येत नाही. सिरप कशासाठी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मीठ, सैंधव आणि उपवास

मिठाचं पथ्य खरं आहे, पण सगळ्यांना नाही. पोटात किंवा पायांत पाणी भरलं असेल तर दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक लहान चमचा. त्यात भाजीतलं, आमटीतलं, चटणीतलं सगळं आलं. भाकरीच्या पिठात सहसा मीठ नसतं, ही आपल्या ताटाची जमेची बाजू. कसर निघते ती शेंगाचटणीत, लोणच्यात, पापडात, खारीत आणि फरसाणात. दाण्याचं कूट लाल तिखट आणि लसूण घालून बिनमिठाचं केलं की जिभेला थोडा धीर येतो. पण मीठ पूर्ण तोडल्यामुळं पेशंटनं जेवणच टाकलं तर तो सौदा तोट्याचा आहे. अशा वेळी चिमूटभर मीठ परवडलं, उपाशी राहणं परवडणार नाही.

दोन गैरसमज इथं हमखास दिसतात. सैंधव ‘चालतं’ असं म्हणतात. ते मीठच आहे. दुसरं, दुकानात ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ. त्यात पोटॅशियम असतं. पाणी उतरायला ज्या गोळ्या देतात त्यातल्या एका गोळीनं, स्पायरोनोलॅक्टोननं, पोटॅशियम आधीच वाढतं. दोन्ही एकत्र आली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पुडी घरात आणू नये.

उपवासाचा विषय पंढरपूरच्या जिल्ह्यात नाजूक आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत एकादशा, श्रावणी सोमवार, नवरात्र. ज्यानं चाळीस वर्षं एकादशी धरली त्याला ‘सोडा’ म्हणणं सोपं नाही. पण सिरोसिसच्या पेशंटनं निर्जळी करू नये, यावर डॉक्टरांत दुमत नाही. मधला रस्ता फराळाच्या ताटातच आहे. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दूध आणि दही ही उपवासाला चालणारी आणि प्रथिनं असलेली खाणी दर तीन तासांनी घेतली तर व्रतही राहतं आणि अंगावरचं मांसही.

उपवास न धरताही उपाशी राहणारा एक पेशंट आहे, त्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. घरातली बाई. लिव्हरचा आजार म्हणजे दारूडा पुरुष, असं चित्र डोक्यात पक्कं बसलंय. हिपॅटायटिस बी-सी बायकांनाही होतो, साखर आणि चरबीमुळंही होतो. ती सगळ्यांच्या मागून, उरलेलं जेवते, आणि सकाळी सगळ्यांचं आवरून अकराला तोंडात घास घालते. मधला खंड चौदा तासांचा. तिला ‘झोपताना दूध प्या’ सांगायचं म्हणजे आधी त्या घरात दूध कुणाच्या वाट्याचं आहे, ते बोलावं लागतं.

एकच कागद सगळ्यांना चालत नाही

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलेला चाळिशीतला जाडा माणूस आणि पोटात पाणी झालेला सिरोसिसचा पेशंट, दोघांनाही गावात ‘लिव्हरला सूज’ आहे. सल्ला मात्र बरोबर उलटा. पहिल्याला वजनाच्या सात ते दहा टक्के उतरवायचंय, साखर, मैदा, कोल्ड्रिंक आणि दारू तोडायचीय. दुसऱ्याला मांस टिकवायचंय. पहिल्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला डाएट दुसऱ्यानं पाळला तर तो खाटेला लागेल. ज्याच्या अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आणि बांधल्या, त्याला काही दिवस मऊच खायचंय, कडक भाकरी नाही. उसाच्या रसाचंही तसंच. तो विष नाही, पण त्यात प्रथिनं नाहीत, आणि साखरेच्या पेशंटला तो भलताच महाग पडतो.

काढ्यांबद्दलही बोलायला हवं. करोनाच्या काळात गुळवेल घरोघर उकळली गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये तिच्या सेवनानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. वाद आहे तर आहे. पण आधीच खराब लिव्हरवर त्याची परीक्षा घेण्यात शहाणपण नाही.

आणि दारू. ती चालू असेल तर वरचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं, हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसऱ्या धंद्याकडं वळवायचा तो प्रयत्न होता. पिणाऱ्याच्या शरीराचं पुढं काय, हा प्रश्न पोलिसांचा नव्हता. तो आरोग्य खात्याचा आहे.

खात्याकडं यासाठी काही नाही, असंही नाही. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. फॅटी लिव्हरचा समावेश २०२१ मध्ये बीपी-शुगरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. त्या कार्यक्रमाच्या रचनेत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर समुपदेशकाचं पद आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ती योजना मुख्यतः दाखल पेशंटच्या उपचाराची. घरच्या ताटाशी तिचा संबंध नाही. आहारतज्ज्ञ भेटतो तो जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात, नाहीतर कुपोषित बालकांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात. सिरोसिसचा पन्नाशीचा पेशंट यातल्या कुठल्याच रांगेत नीट बसत नाही.

टीबीच्या पेशंटला सरकार आहारासाठी पैसे देतं. निक्षय पोषण योजनेत महिन्याला ५०० रुपये मिळायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खाणं हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारनं एका आजारात मान्य केलंय. लिव्हरच्या आजारात मांस तसंच झडतं, तरी तिथं असं काही नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, म्हणजे भाकरी-भाताची सोय होते; डाळ विकतच आणावी लागते. रोजगार बुडालेल्या घरात पहिली काटछाट डाळीवरच होते.

नवी योजना येईल तेव्हा येईल. आहे त्या माणसांत एवढं तर आजही होऊ शकतं : मोठ्या दवाखान्यातून सुटणाऱ्या सिरोसिसच्या पेशंटची माहिती त्याच्या उपकेंद्राला कळवायची, आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं महिन्यातून एकदा वजन, पोटाचा घेर, दंडाचा घेर आणि ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं’ एवढं लिहून घ्यायचं. पोटात पाणी असताना काटा फसवतो, दंडाभोवती गुंडाळलेली शिंप्याची टेप फसवत नाही. आहारतज्ज्ञाशी फोनवर किंवा ई-संजीवनीवरून बोलणं करून देता येतं. अर्थात उपकेंद्रावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे, आणखी एक वही दिली म्हणजे काम झालं असं नाही. शिकवावं लागेल. भाकरी, वाटी आणि चमच्याच्या भाषेत, एका दिवसात शिकवून होईल एवढंच ते आहे.

सध्या तारखेला पेशंटबरोबर मुलगा जातो, कारण गाडी तो चालवतो. डॉक्टर जे दोन मिनिटांत सांगतात ते तो ऐकतो आणि घरी आल्यावर ‘हलकं खायचं म्हणलेत’ एवढं आईला सांगतो. पुढच्या तारखेला चुलीपुढं बसणाऱ्या माणसालाच सोबत न्यावं. आणि तिनं डॉक्टरांना सरळ विचारावं : पाण्याशिवाय यांचं वजन किती धरायचं, डाळ आणि अंडी रोज किती द्यायची, मीठ यांना खरंच कमी करायचंय का, झोपताना काय देऊ. उत्तरं त्याच कागदाच्या मागं लिहून घ्यावीत, तिथं जागा असते.